बँडसॉवर तात्पुरता

सोमवार, ३ जून
आजपासून सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये बँडसॉ मशीनवर. तात्पुरता. माझं दुकान बुडालं म्हणून नव्हे, मार्केट सुधारेपर्यंत. मेहुणा उद्या परगावी नोकरीला चाललाय, म्हणून मशीन समजावून द्यायला लागला. मी थांबवलं. पट्ट्यासारखं पातं गोल फिरतं, लोखंड कापतं. यात समजावण्यासारखं काय आहे?
संकल्प: महिन्याभरात मॅनेजर.

मंगळवार, ४ जून
नवं पातं मीच चढवलं. आवाज दणदणीत, पण लोखंडावर साधा ओरखडा नाही. मशीन जुनाट आहे, असं सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी पातं काढून फिरवून बसवलं. दात उलट्या दिशेला होते म्हणे. कंपनीने ठळक बाण काढायला नको?

गुरुवार, ६ जून
पातळ पाइपला मोठ्या दातांचं पातं लावलं. काम लवकर उरकावं, हा हेतू. दात झडले. पाइपच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, असं सासरे आता सांगतात. मेहुणा तेच सांगत होता बहुतेक. पण त्याची सांगायची पद्धत चुकीची.

सोमवार, १० जून
स्पीड वाढवला. धूर. पातं थंड ठेवणारं कूलंटचं दुधाळ पाणी सोडायचं राहिलं. काप तिरका.
ही विचारत होती, जमतंय का. म्हटलं, तुझ्या वडिलांनी सगळा भार माझ्यावर टाकलाय. वर्कशॉप त्यांचं, जेवण त्यांच्याकडे, आमची वरची खोलीही त्यांचीच. राजीनामा द्यायचा तर जिन्यात द्यावा लागेल.

शुक्रवार, १४ जून
सेफ्टीच्या नावाने इथे बोंब. कुणी ग्लोव्हज घालत नाही. मी जाडजूड आणले. सासरे म्हणाले, फिरत्या पात्यापाशी ग्लोव्हज नकोत. काढले. ते बाहेर गेल्यावर घातले.
ही चहा घेऊन आली, तेव्हा मी चालू मशीनवरचा चुरा झटकत होतो. ग्लोव्हचं टोक दातांत गेलं. हात खेचला जाऊ लागला. काय करायचं ते सुचेना. हिने लाल बटण दाबलं.
"बोटं हलव," ही म्हणाली.
हलवली. सगळी हलली. मग ही तिथेच, सांडलेल्या चहात, खाली बसली.
बटणाकडे माझाही हात जातच होता.

मंगळवार, १८ जून
बस्स. दाढ दुखतेय सांगून एका मोठ्या कारखान्यात इंटरव्ह्यूला गेलो. मॅनेजरची जागा. अनुभव विचारला. पात्याचे दात, कूलंट, ग्लोव्हजचे धोके, भरभरून बोललो. साहेब खूश. म्हणाले, मॅनेजर मिळालाय, पण बँडसॉवर माणूस हवाय. रात्रपाळी.
नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न होता.

बुधवार, १९ जून
सासऱ्यांना सांगून टाकलं की बाहेरची चांगली ऑफर केवळ तुमच्यासाठी सोडली. ते जमिनीवरच्या लोखंडी बारचं एक टोक धरून वाकले होते.
"गेला असतात तरी चाललं असतं, जावईबापू," ते म्हणाले. रागाने नाही. अगदी शांतपणे.
बार एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. ते तसेच वाकून थांबले.
मी दुसरं टोक धरलं.