इंजिनवाल्या मंडळीत मी कोण

गिम्ली, मॅनिटोबा
९ फेब्रुवारी

प्रिय रूना,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे घालूनच लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. सरोवर अजून घट्ट गोठलेलं आहे, मासे बरे मिळताहेत. चर्चच्या जेवणाला सोल्व्हेगचा विनार्टेर्टा केक यंदाही करपला आणि यंदाही कुणी चकार शब्द काढला नाही.

तू विचारलंस, हिवाळ्यात दुरुस्तीच्या दुकानात काम नसतं, मग दिवसभर करतेस काय? फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

बोटीची जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांचा एक गट आहे इंटरनेटवर. मी त्यात बरीच वर्षं आहे. नाव ‘टी. आर्नसन’, एवढंच. फोटोच्या जागी बाबांचं ते हिरवं इंजिन. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, ‘ह्या आर्नसनला कळतंय रे, हा सांगतो तसं करा.’ मी बाई आहे असं सांगितलं नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. दुकानात येणारा दर दुसरा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि म्हणतो, ‘मालक आहेत का?’ बाबा जाऊन एवढी वर्षं झाली तरी. तिथे माझ्या मागे कुणी बघत नाही.

आता गटाचं काम मार्गो नावाची एक तरुण मुलगी बघते. तिने गेल्या महिन्यात सूचना टाकली: नावावरून नि फोटोवरून अंदाज बांधू नका, प्रत्येकाने हवं तर आपल्याला तो म्हणायचं, ती म्हणायचं की ते, हे नावापुढे लिहावं. सक्ती नाही. कुणी नाही लिहिलं तर सरळ नाव घ्यायचं. झालं! दोन दिवस इंजिनं बाजूला राहिली. एकाने लिहिलं, ‘मला कॅप्टन म्हणा.’ दुसरा म्हणाला, ‘तुला होडी तरी आहे का?’

त्यात क्विल आहेत. क्विल बावीस-तेवीस वर्षांचे असतील. त्यांनी लिहिलं, ‘मला ते म्हणा.’ यावर एक जण गुरगुरला, की एकट्या माणसाला ते कसं म्हणायचं? तेव्हा आर्व्हो कांगसने उत्तर दिलं. आर्व्हो मिशिगनमधल्या मार्केट नावाच्या गावचा. सत्तरीला आलेला. मला वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी वेडंवाकडं बोलणार. त्याने लिहिलं, ‘माझ्या दुकानात कुणी टोपी विसरून गेलं, तर मी म्हणतो, येतील, घेऊन जातील. कोण ते ठाऊक नसतं, तरी जीभ अडत नाही. मग इथे का अडावी?’

त्याची अडली मात्र. दुसऱ्याच दिवशी क्विलबद्दल लिहिताना ‘ती म्हणते’ असं लिहून बसला. लगेच खाली, ‘चुकलो. ते म्हणतात,’ आणि पुढे प्रोपेलरबद्दल बोलायला लागला. ना रडगाणं, ना माफीचा फापटपसारा. मला हे आवडलं. इतक्या साधेपणाने चूक सुधारणारा माणूस आपल्या घरात एकही नव्हता, तुझ्या-माझ्यासकट.

आणि मग परवा त्याने मला एकटीला लिहिलं: ‘आर्नसन, त्या पोरांमुळे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तुला एवढी वर्षं तो म्हणत आलो, कधी विचारलं नाही. मला तो म्हणत जा. तुला काय म्हणू?’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. का, ते मलाच नीट कळत नाही. तुला काय वाटतं? आणि तुझा गुडघा कसा आहे?

तुझी,
थोरा

*

गिम्ली
२७ फेब्रुवारी

प्रिय रूना,

तुझं उत्तर वाचून हसू आलं. ‘बाई आहेस, ती लिही आणि मोकळी हो, एवढा काय घोळ?’ तू नेहमीच अशी. लहानपणी कोडं घातलं की आधी उत्तराचं पान उघडायचीस.

मला मात्र खरंच कुतूहल वाटलं. इतकी वर्षं तो म्हणवून घेऊन मला चांगलं वाटलं, मग मी कोण? क्विलना विचारलं, की तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, ‘तुमच्याबद्दल दुसरं कुणी बोलतंय असं समजून वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. कुठल्या वाक्याला मान वळते ते बघा.’ तर मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि म्हणायला लागले. ‘तो कार्ब्युरेटर साफ करतो.’ ऐकायला छान, पण जसं काही मी बाबांबद्दलच बोलतेय. ‘ते कार्ब्युरेटर साफ करतात.’ कुणी मोठा साहेब आल्यासारखं वाटलं आणि मी हसले. मग ‘ती कार्ब्युरेटर साफ करते.’ मी मोठ्याने म्हटलं तर काहीच झालं नाही. आर्व्होच्या तोंडून कल्पना केली, तेव्हा वळली मान.

हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

आता तू विचारशील, त्याच्या तोंडून म्हणजे काय, तू त्याचा आवाज तरी ऐकलायस का? नाही ऐकला. पण त्याची बायको एलिना गेली तेव्हापासून तो मला दर आठवड्याला लिहितो. सुरुवात स्पार्क प्लगने होते आणि शेवट कशाने होईल सांगता येत नाही. एलिनाचा कोट अजून खुंटीवर आहे. तो काढावा म्हणून हात लावतो आणि तसाच मागे घेतो. एकदा दुकानासमोर गाडीत बसून रडत होता, तर पोस्टमनने काचेवर टकटक केलं. हे सगळं त्याने मला सांगितलं आणि वर लिहिलं, ‘हे मी बायकांना सांगत नाही. सांगितलं की त्या जेवणाचे डबे घेऊन दारात उभ्या राहतात. पुरुष माणसाला सांगितलेलं बरं. तू ऐकतोस आणि गॅस्केटबद्दल बोलायला लागतोस.’

म्हणून, रूना. म्हणून उत्तर देता येत नव्हतं. तो एका पुरुषाशी बोलत होता. त्याला आता ती म्हण असं सांगितलं, तर मी चोरून ऐकत बसलेली बाई होणार. तो लिहिणंच बंद करील. दर शुक्रवारी मी चहा टाकून त्याच्या पत्राची वाट बघते. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच काय म्हणशील ते मला माहीत आहे.

पण त्याने किती साधेपणाने विचारलं होतं. तसं विचारणाऱ्याला खोटं उत्तर द्यायला माझं मन धजेना. काल लिहिलं. त्याला एकट्याला आधी: ‘मला ती म्हण. नाव थोरा.’ आणि मग गटात नावापुढेही लिहिलं, म्हणजे त्याला माझं गुपित सांभाळत बसायला नको.

अजून उत्तर नाही.

थोरा

*

गिम्ली
२१ मार्च

प्रिय रूना,

तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी हवापाण्यावर बोलले. माफ कर. तोंडाने सांगण्यासारखं काही नव्हतं.

गटात काय झालं ते आधी सांगते. बहुतेकांनी ‘बरं’ म्हटलं आणि आपापल्या कामाला लागले. दोघांनी लिहिलं, ‘अरे आर्नसन! अगं! जाऊ दे, तो पाना कितीचा होता?’ क्विलनी नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. पण बक म्हणून एक आहे, अलाबामाचा. गेली दोन वर्षं मी सांगितल्यावाचून त्याचं इंजिन सुरू झालेलं नाही. मी त्याला पंपाच्या पात्याबद्दल काही सांगितलं, तर त्याचं उत्तर आलं: ‘बाईसाहेब, पाणी खेचणारा पंप म्हणजे काय, ते आधी समजावून सांगतो.’ आणि समजावलं की! चांगला पानभर. बघ, माझ्या खांद्यावरून मागे बघणं तिथेही आलंच. इतकी वर्षं ज्याला टाळलं ते ‘ती’ या एका अक्षराने दारात आणून उभं केलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, थोरा, काय मिळवलंस? मान गेला आणि शुक्रवारही गेला.

कारण आर्व्होचं काही आलं नव्हतं. पहिला शुक्रवार कोरडा गेला. दुसराही. मी चहा टाकायची आणि गार झालेला ओतून द्यायची.

तिसऱ्या शुक्रवारी, बकच्या त्या पानभर व्याख्यानाखाली, सगळ्यांच्या देखत एक ओळ आली. आर्व्होची. ‘बक, तिला पंप शिकवू नकोस. माझा पंप तिनेच मला शिकवला.’

मी ती ओळ किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

बकने दुपारी लिहिलं, ‘बरोबर आहे. पात्याचं पुन्हा सांगता का?’ सांगितलं.

आणि संध्याकाळी पत्र आलं. तुझ्यासाठी उतरवून देते, कारण माझ्या शब्दांत सांगायला गेले तर मी काहीतरी गाळीन.

‘थोरा, उशीर झाला. रागावलो नव्हतो. तुझी सगळी जुनी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. माझ्या डोक्यात तुझा एक आवाज होता, जाड, माझ्या काकासारखा. तो जाईना. वाचता वाचता सावकाश गेला. एकही वाक्य चुकीचं ठरलं नाही, तेवढा आवाज बदलला. मी लिहिलं होतं, हे बायकांना सांगत नाही. मूर्खासारखं लिहिलं. मला डबे नको होते, एवढंच. तू कधी डबा पाठवला नाहीस. परवा कोट खुंटीवरून काढला आणि एलिनाच्या बहिणीला दिला. हे पहिल्यांदा तुलाच सांगतोय. माझी जीभ अजून घसरेल. घसरली की मी सुधारीन, तू हसू नकोस. किंवा हस.’

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्याच्याकडचं एक इंजिन त्याला सुरू होत नाही. बर्फ वितळल्यावर ते गाडीत घालून गिम्लीला आणलं तर चालेल का, असं विचारलंय. मार्केट गावात इंजिन दुरुस्त करणारे चिकार आहेत, रूना. तो स्वतःच तेच करतो.

तू विचारण्याआधीच सांगते: काय होईल मला माहीत नाही. कदाचित आम्ही दोघं धक्क्यावर उभं राहून फक्त इंजिनाकडेच बघत बसू. कदाचित त्याचा आवाज मी मनात धरलाय तसा नसेलच. बघायची मात्र फार उत्सुकता आहे. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला एवढी उत्सुकता शोभते की नाही, हे विचारू नकोस.

त्याला अजून ‘ये’ म्हटलेलं नाही. आधी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ते तुलाच. आता सांगून झालं. हे पाकीट बंद करते आणि त्याला लिहायला बसते.

तुझी बहीण,
थोरा