सोप्यावर घेतलेल्या विकेटी

११ फेब्रुवारी

पुन्हा निवड नाही! तिसरा हंगाम संपला आणि पडद्यावर तीच पाटी – आपली निवड झालेली नाही, मेहनत चालू ठेवा. मेहनत म्हणे! दिवसभर पाय उशीवर टाकून दुसरं करते काय मी?

मोबाइलवर हा क्रिकेटचा खेळ रुक्सारनं, आमच्या संघाच्या कीपरनं, घालून दिला. त्यात करिअर म्हणून भाग आहे. आपला एक खेळाडू बनवायचा, जिल्ह्याच्या संघातून सुरू करायचं, विकेटी घेतल्या की गुण मिळतात, ते वेगात घाला, अचूकपणात घाला, दमात घाला – तसा तसा तो वर चढतो. माझा खेळाडू माझ्यासारखाच. उजव्या हाताचा, वेगवान. नाव एन. आडे. फक्त त्याला मिशा आहेत. बायांचं करिअर त्यात नाहीच!

लेव्हल 'हार्ड' ठेवलीय. यॉर्कर टाकला तरी समोरचा सिक्स मारतो. गुणांची पट्टी मुंगीसारखी सरकते.

१३ फेब्रुवारी

आज एन. आडेला दुखापत झाली. गुडघाच! 'तीन सामने बाहेर.' मी बटण दाबलं, तीन सामने सर्रकन गेले, पठ्ठ्या उभा. पळायलाही लागला.

फोन पालथा ठेवला.

नोव्हेंबरात हिंगोलीला मॅटवर चेंडू टाकताना माझा पुढचा पाय अडकला आणि अंग पुढं गेलं. रुक्सार स्टंपामागं होती, तिला तिथवर आवाज ऐकू आला म्हणते. नांदेडला ऑपरेशन झालं. तेव्हापासून तांड्यातलं हे घर, ही खाट, गुडघ्यावरचा हा पट्टा. ह्याला कुठलं बटण?

१७ फेब्रुवारी

रुक्सार आली. डोंगरकड्याहून स्कुटीवर, येताना केळी घेऊन. माझ्याशेजारी खाटेवर बसून बघत होती. एका ओव्हरीत चोवीस धावा गेल्या.

"अगं, इझीवर कर ना! काहून जीव जाळून राहिली?"

"इझीवर कोण खेळतं? लहान लेकरं."

"और तू? तू रडून राहिली."

रडत नव्हते. डोळ्यात धूर गेला होता, आई, म्हणजे आमची याडी, चुलीवर भाकरी करत होती. (बरं, थोडी रडले.)

जाताना रुक्सारनं विचारलं, व्यायाम करतेस ना? मी हो म्हटलं. दारातून याडी ओरडली, "न्हाई करत! खोटं बोलून राहिली!"

व्यायाम म्हणजे काय, तर टाच गादीवरून मागं ओढायची. दुखतं. आणि ओढून पुढं काय? गुडघा कालच्याएवढाच वाकतो. दोन्हीकडं तेच!

२० फेब्रुवारी

फोन चार्ज होईना. बा डोंगरकड्याला निघालेच होते, हळद शिजवायच्या कुकरवाल्याला भेटायला. म्हणाले, दे, फहीमला दाखवतो. फहीम म्हणजे रुक्सारचा भाऊ, बस थांब्याजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दोन दिवस फोन नाही. भिंत बघायची.

२२ फेब्रुवारी

फोन आला. खेळ उघडला. पहिल्याच ओव्हरीत दोन विकेटी!!

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. अर्धा तांडा औंढ्याला, नागनाथाच्या दर्शनाला. याडी-बासुद्धा. मी एकटी आणि दारातली कुत्री.

एका डावात सहा विकेटी. सहा! पाचवा तर बोल्ड, मधला स्टंप उडाला. मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या बेबीबाई पळत आल्या, पडले की काय म्हणून. त्यांना काय सांगणार? म्हटलं, जिंकले. त्या म्हणाल्या, "मंग चांगलं हाय की, बाई."

मला वाटतं, मधे वेगात गुण घातले होते ते आता लागू पडले. किंवा माझीच नजर बसली. फलंदाज बॅट उचलतो तेव्हाच कळतं आता, हा चुकणार.

संध्याकाळी कुणी न सांगता व्यायाम केला. टाच बरीच मागं आली.

३ मार्च

राज्याच्या संघात!

५ मार्च

आज काठीशिवाय चुलीपर्यंत गेले. याडीनं तोंडावर हात ठेवला. दुपारच्या भाकरीवर तूप जास्त होतं.

काय होतं ते कळत नाही. सकाळी एक सामना, मग व्यायाम, मग सामना. एन. आडे वर चढतोय म्हणून मीही चढतेय असं वाटतं. वेडेपणा आहे. असू दे.

१४ मार्च

होळी. तांड्यात पहाटेपासून लेंगीची गाणी. बाया फेर धरून नाचल्या. मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. मागच्या वर्षी मीच मधे होते. तरी वाईट वाटलं नाही, खरंच. कारण कालच पाटी आली होती – देशाच्या संघात निवड!

बांना सांगितलं. अंगणात हळद वाळत घातलीय, ते ती फावड्यानं उलटीपालटी करत होते. मी म्हटलं, बा, तुमची पोर इंडियाकडून खेळणार! ते हसले. पण वर बघितलं नाही. फावडं चालूच. उन्हानं डोकं धरलं असेल.

१६ मार्च

नको होतं कळायला.

रुक्सार आली होती. मी मोठ्या तोऱ्यात फोन तिच्या हातात दिला. हे बघ, ह्या हंगामात सत्तर विकेटी. ती बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यातलं सेटिंगचं ते दाते असलेलं चाक दाबलं. एकदा हार्ड लावल्यापासून मी तिथं गेलेच नव्हते.

"निता, ये तो इझी पे है."

मी म्हटलं, शक्य नाही. तिनं फोन माझ्यासमोर धरला. इझी. निळ्या अक्षरात.

तिथूनच तिनं फहीमला फोन लावला. स्पीकरवर. तो आधी अडखळला. मग म्हणाला, "काका बोले, भाई. पोरगी सारखी हरून राहिली, तिला जरा जिंकू दे. मैंने कर दिया. तिला सांगू नको म्हणाले."

काका म्हणजे माझे बा.

रुक्सार गेली कधी ते आठवत नाही.

१७ मार्च

लिहायला काही नाही. व्यायाम नाही. जेवण थोडं.

१८ मार्च

आज बोलले बांशी. बोलले म्हणजे ओरडले. घरात आम्ही गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहिते. पण गोरमाटीत ते जास्त लागलं असणार.

म्हटलं, मग त्या विकेटी कुणाच्या? मी घेतल्या का तुमी घेतल्या? सगळा तांडा मला 'बरी होशील, बरी होशील' करतो, तेवढा एक खेळ होता तिथं कुणी माझी कीव करत नव्हतं! तिथं मार खात होते, पण खरा खात होते!

याडी मधे पडायला आली. बांनी हातानंच थांबवलं.

मग बा जोत्यावर बसले. त्यांच्या हाताच्या रेघांत हळद भरलेली. म्हणाले,

"दवाखान्यात डाक्टरला इचारलं, लवकर करता येतं का. न्हाई म्हनला. नागनाथाला इचारलं. शेतात काम करता करता इचार केला, काय करावं ह्या लेकराला. मला कुठंच बटन सापडलं न्हाई, बाई. फहीम म्हनला, ह्यात हाय. मी म्हनलं, दाब."

मी आत निघून आले. आणखी काय करणार होते?

१९ मार्च

राग आहे अजून. पण कालसारखा नाही. धारच गेली त्याची.

२१ मार्च

हार्डवर केलं. एन. आडे तोच, वेग भरलेला, अचूकपणा भरलेला, पट्ट्या सगळ्या हिरव्यागार. इंडियाची टोपी. आणि पहिल्या ओव्हरीत सव्वीस धावा! दुसरीत वीस. कप्तानानं काढूनच घेतलं.

तेव्हा कळलं. पट्ट्या त्याच्या वाढल्या, मी तिथंच राहिले. सोप्यावर फलंदाज बघावाच लागत नव्हता, कसाही टाका, तो चुकायचा. मला वाटलं नजर बसली. नजर कुठं बसली? विसरले होते उलट.

पण मग गुडघा? गुडघा तर खरंच वाकतो! तो कुठल्या लेव्हलवर होता?



२२ मार्च

एन. आडेला पुसून टाकलं. मिशांसकट. नवीन खेळाडू, जिल्ह्यापासून. हार्ड. आणि व्यायाम सुरू.

२८ मार्च

बा दुपारी जेवून आले आणि शेजारी बसले. फोनमध्ये बघायला लागले. मी खेळत राहिले. एक सिक्स गेला. बांनी मांडीवर हात आपटला. दुसरा गेला. त्यांनी डोळेच मिटले!

"बा, बघायचं तर बघा. डोळे मिटून काय?"

"बघवत न्हाई, बाई."

"मग जावा."

गेले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्यो सारखा तिकडंच मारून राहिला. तिकडं मानूस काहून न्हाई?"

खरंच, लेगला कुणी नव्हतं! मी तिथं एक उभा केला. पुढच्या ओव्हरीत कॅच. बा उठून उभे राहिले. ओरडले नाहीत, नुसतं धोतर सावरून माझ्याकडं बघितलं, मी रागावले तर नाही ना, असं. मी हसले. बारा दिवसांत पहिल्यांदा.

४ एप्रिल

हरलो. पण थोडक्यात. 'हरलो' असं लिहिलं आपोआप. मी आणि बा.

९ एप्रिल

नांदेड. तपासणी. पहाटेच्या एसटीनं गेलो, पाय मोकळा ठेवता यावा म्हणून बांनी मला पुढच्या सीटवर बसवलं.

डॉक्टरांनी गुडघा वाकवला, फिरवला, दाबला. एका पायावर उभं केलं. मग फोटो उजेडावर धरून बराच वेळ बघितला. आणि बांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता का?"

बा उठले नाहीत. टोपी हातात होती, ती मांडीवर ठेवली.

"तिलाच सांगा, साहेब. तिच्या म्होरं. सोपं करून नका सांगू."

डॉक्टर माझ्याकडं वळले. म्हणाले, गुडघा छान भरलाय, व्यायाम केलास हे दिसतंय. चालशील, पळशील. क्रिकेटही खेळशील. पण वेगवान गोलंदाजीत पुढचा पाय जसा आपटतो, तो भार हा गुडघा वर्षानुवर्षं सोसेल असं मला वाटत नाही. तो नाद सोड.

मी विचारलं, थोडा वेग कमी केला तर? म्हणाले, आज हो म्हटलं तर तू खूश होशील, पण ते खोटं होईल.

बा माझ्याकडं बघत होते. या वेळी डोळे मिटले नाहीत.

परतताना वारंगा फाट्याला बांनी उसाचा रस घेतला, मला दिला. मी पिता पिता रडले. आजूबाजूचे बघत होते. बांनी 'रडू नको' म्हटलं नाही. ग्लास संपेपर्यंत थांबले, मग दुसरा आणला.

१० एप्रिल

बारा वर्षांची होते तेव्हापासून वेगच टाकत आले. आता काय करू?

१३ एप्रिल

खेळ उघडला नाही. बांनी फोन दोनदा माझ्याजवळ आणून ठेवला. दोनदा परत नेला.

१९ एप्रिल

रुक्सारला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं केळं सोललं, अर्धं मला दिलं.

"मंग स्पिन टाक."

"मला येत नाही."

"मला पन कीपिंग येत नव्हतं. तुझ्या चेंडूवर शिकले. नाकावर खुणा हायत. अब मेरी बारी – तू शीक, मी उभी राहते."

म्हटलं, जिल्ह्याच्या निवडीला कोण घेईल मला? ती म्हणाली, "यंदा कुणी न्हाई घेणार. बराबर आहे ते. तरी ये."

बरं वाटलं. का ते माहीत नाही. कुणीतरी 'न्हाई घेणार' इतकं सरळ म्हटलं म्हणून असेल.

२ मे

खेळात ऑफस्पिनर बनवला. हार्डवर. स्पिनचा चेंडू हळू जातो, म्हणून मार खायलाही जास्त वेळ मिळतो! बा फिल्डिंग लावतात, मी टाकते. कधी कधी त्यांना फोन देते. त्यांचं बोट जाड, बटण सोडून भलतंच दाबतं. वाइड. मग "आपला न्हाई हा धंदा" म्हणून फोन परत.

२३ मे

डॉक्टरांना फोन केला. उभ्यानं, दोन पावलं चालून टाकायला परवानगी. पट्टा बांधूनच.

६ जून

हळद वाळवायचं अंगण आता रिकामं आहे. कडक, सपाट. सकाळी बांनी झाडून दिलं, तीन काठ्या ठोकल्या. रुक्सार ग्लोव्ह्ज घालून काठ्यांमागं बसली. बॅटीवर कुणी नाही. दोन पावलं टाकली, बोटं फिरवली, सोडला.

चेंडू टप्पा पडला आणि वळला. असा वळला की रुक्सारचे हात एकीकडं, चेंडू दुसरीकडं, थेट याडीच्या चुलीपाशी!

"ये क्या था गं?"

मलाही माहीत नाही. बा चेंडू आणायला पळाले.

पुन्हा टाकला. पुन्हा वळला.