म्हसोबाच्या वळणापासून नव्या रस्त्यापर्यंतचा पट्टा

मी, सुदर्शन भागुजी थोरवे, वय २६, मूळ राहणार खडकेवाडी, सध्या मुक्काम रायस्वाइक, नेदरलँड्स, वसुधाताई रानडे यांच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात कामाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. शाळा सातवीपर्यंत. कायद्याचे शब्द ताईंचे यजमान अभिजितदादा यांनी सांगितले, बाकी माझे. गुरुवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाबरू नका, आणि लगेच विचारलं, जवळचं माणूस कोण? म्हणून लिहितो.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःवर खर्च करावी, नातवंडांवर नाही.

२. सायकल खोलीतला जोडीदार ऋषभ याला. ब्रेक हँडलला नाही, पायडल उलटं दाबायचं. डेल्फ्टच्या विद्यापीठात एवढं शिकतो, पण हे ध्यानात ठेवत नाही. एकदा कालव्यात जाता जाता राहिला.

३. माझ्या वाटणीची जमीन थोरले बंधू मनोहर यांना. फक्त म्हसोबाच्या वळणापासून नव्या राज्यमार्गापर्यंतचा पट्टा, एसटी जाईल एवढ्या रुंदीचा, रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला. यावरून भांडण होणार, म्हणून कारण लिहितो.

गावचा जुना रस्ता आधी गाडीवाट होती. दुष्काळात आईसारख्या बायांनी रोजगार हमीवर खडी फोडून तो केला. तालुक्याहून निघायचा, ओढा ओलांडून गावात यायचा, म्हसोबाला वळसा घालून घाटाकडे जायचा. देव हलवायचा नाही म्हणून ते वळण. पुढे रुंदीकरण आलं. गाव पुन्हा म्हणालं, देव हलणार नाही. मग साहेबांनी रस्ता सरळ आमच्या रानातून नेला. विहीर बुजली, तेव्हा गावात कोणी ब्र काढला नाही. नंतर ओढ्यावरचा जुना पूल पुरात गेला, जुन्या रस्त्याचं घाटाकडचं टोक नव्या भरावाखाली गेलं. आता एसटी नव्या रस्त्याने लांबून निघून जाते, आणि गाव नि त्या रस्त्याच्या मध्ये आमचं रान. मनोहरदादाने तिथे तार ठोकली. "तेव्हा गप्प बसले ना? आता जाऊ देत ओढ्यातून." त्याचंही खोटं नाही. ती विहीर वडिलांनी हाताने खणली होती.

पण गेल्या महिन्यात शेजारच्या शलाकाला कळा सुटल्या. ॲम्ब्युलन्स नव्या रस्त्यावर उभी, आणि हिला बाजेवर घालून तारेवरून नेली. आई फोनवर म्हणाली, "मन्याने पायाने तार दाबून धरली रे. पण काढली नाही." मी दादाला फोन केला. तो म्हणाला, तिकडून मला शहाणपण शिकवू नकोस. मग म्हणाला, "पोरगी झाली म्हणे," आणि फोन ठेवला.

४. तार दादानेच काढावी, त्याच्या सवडीने. गावातल्या कोणी तिला हात लावू नये. ग्रामसभेत सांगताना पट्टा मनोहर भागुजी थोरवे यांनी दिला असंच सांगावं, माझं नाव काढू नये. मी बरा झालो तरी हेच. मी लांब आहे. दादाला रोज त्याच वाटेने जायचंय, आणि लोकांनी त्याला थांबून राम राम घातला पाहिजे.

वाचून पाहिलं, मजकूर माझाच आहे, म्हणून सही करतो.

सुदर्शन भागुजी थोरवे

सुदर्शनने आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्याच्यासमोर करतो :
अभिजित रानडे
वसुधा रानडे

रायस्वाइक, १४ ऑक्टोबर २०२५