दुपारची अक्कलकोट मोटार

सोलापूर, मंगळवार, फेब्रुवारी १९३४

अक्कलकोटची दुपारची फेरी आम्ही दोघा भावांनी गेल्या आठवड्यात बंद केली. "रिकामी मोटार कुणासाठी पळवायची?" अण्णा म्हणाले. मीही मान डोलावली. चुकलं का?

आज अक्कलकोटहून गंगव्वा आली. तिचे वडील इथं इस्पितळात आहेत. दुपारी ती भर उन्हात रस्त्यावर मोटारीची वाट बघत बसली. इकडे म्हातारा तिचं नाव घेत होता. संध्याकाळच्या मोटारीनं ती पोचली, तोवर त्याची वाचा गेली होती. उन्हात बसलेली ती सारखी डोळ्यांपुढे येते.

इस्पितळातून ती पुन्हा स्टँडवर आली. वाटलं, आता बोल लावणार. लावला असता तर बरं झालं असतं.

"सकाळच्या मोटारीनं आईला निरोप धाडते. तिला यायला दुपारची मोटार हाय का?"

"हाय की," म्हणालो.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही.