ताईचा चष्मा

मंगळवार, संध्याकाळ

आज रजिस्ट्री ऑफिसात ताईनं हक्कसोडपत्रावर सही केली. बाबांचं वाडीचं घर आता माझं एकट्याचं.

नुसती वारसनोंद आहे, असं मी तिला सांगितलं होतं. आणि स्वतःच साडीची पिशवी घेऊन गेलो! हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी देतात. नोंदीसाठी कोण देतं? गाढव.

पिशवीकडे पाहून ती म्हणाली, "चष्मा घरीच राह्यला गा. तू वाचलं ना? मग झालं."

मला चक्क हायसं वाटलं. बरं झालं चष्मा राहिला, असंच मनात आलं.

बाहेर आल्यावर साडी दिली. तिनं पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, काठ नीट पाहिला. "रंग चांगला आहे गा," म्हणाली. मग चष्मा काढून ठेवला आणि तेव्हाच माझ्याकडे पाहिलं.