फाटलेला आवाज

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज मिस अर्नेस्टीन टॉलिव्हर माझ्या स्टुडिओत येऊन गेल्या. चाळीस वर्षं चर्चमध्ये गातायत. सेल्मा गावी त्यांची बहीण रूबी अंथरुणाला खिळलीय, तिला ऐकवायला एकच भजन रेकॉर्ड करायचं होतं. पण वरच्या सुरावर गेल्या की आवाज फाटायचा. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच.

शेवटी मीच म्हणालो, "राग मानू नका, पण वय झालं की गळा थकतो."

"तुझ्या मशीनचं तर काही नाही ना रे बाळा?"

"माइकचा आवाज वाढवणारा हा प्रीअँप माझ्या जन्माआधीचा आहे. असा आवाज आता कुठे मिळत नाही!" — टेचात म्हणालो.

त्यांनी पर्स उचलली. माझ्यासाठी आणलेली रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री मात्र ठेवून गेल्या.

१७ ऑक्टोबर

दुकानात पाद्रीबुवा भेटले. "अर्नेस्टीनने गाणं सोडलं. म्हणते, गळा गेला. ड्वाइट, तुला काही माहीत आहे?"

नाही म्हणालो.

१८ ऑक्टोबर

बाईंची पेस्ट्री खाववत नाही. टाकवतही नाही.

२० ऑक्टोबर

मित्र क्लोव्हिस त्याचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, रेकॉर्ड करायला घेऊन आला. पहिल्याच ओळीत तसाच फाटका आवाज! तो हसला, "का रे, माझं फिडलपण म्हातारं झालं?"

मला हसू येईना. पूर्वी त्या प्रीअँपमधून टेपवर घ्यायचो. कितीही जोर आला तरी टेप पचवायची. मार्चपासून कॉम्प्युटरवर घेतोय, आणि त्याला एवढा जोर सोसत नाही. जोर जास्त झाल्याचा लाल दिवा लागत होता — त्याच्यावर मी गाण्याचा कागद टेकवून ठेवला होता.

बाईंचा गळा नव्हता. मी होतो.

२१ ऑक्टोबर

प्रीअँप कमी करून पाहिला तर आवाज पुठ्ठ्यासारखा. त्याला आत हवा तेवढा जोर राहू द्यायचा, बाहेर पडताना तेवढा कमी करायचा. एका डबीत चार रेझिस्टर झाळले, ती प्रीअँप आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडली. अर्ध्या तासाचं काम! अर्ध्या तासाचं.

मेरिल दारात उभी होती. "डबी झाली. बाईंकडे कधी जाणार?"

"फोन करतो."

"बोललास तेव्हा तोंडावर बोललास ना?"

माझ्या बायकोला कधीतरी खोटं ठरवता यावं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं सांगितलं, दिव्यावरच्या कागदासकट. हात थांबले.

"म्हणजे मी नव्हते."

"नाही, बाई."

"दहा दिवस मी स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणले नाही, ठाऊक आहे तुला?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागलो. त्या म्हणाल्या, "मंगळवारी दहाला येते. रूबी वाट बघतेय."

२५ ऑक्टोबर

आल्या. काळा झगा, टोपी. एकदाच गायल्या, डोळे मिटून. वरचा सूर स्वच्छ, भरलेला — मी कधी ऐकला नव्हता असा. सीडी सेल्माला मी पाठवतो म्हणालो, तर "मीच नेते." जाताना माझ्या गालाला हात लावला. आज पहिल्यांदा जरा हलकं वाटतंय.

२६ ऑक्टोबर

रूबीच्या मुलीचा फोन. उद्या दफनाच्या वेळी ते भजन लावायचंय, आवाज किती ठेवू, विचारत होती. म्हणाली, आई रविवारीच गेली. मावशीला लगेच कळवलं होतं.

"मग काल मला बोलल्या का नाहीत?"

"मावशी म्हणाली, त्या पोराला कळलं तर त्याचे हात थरथरतील."