गरम करून पाहिली का?

नाना, आज गॅरेजवर एक गाडी आली आणि दुपारभर मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत बसलो, म्हणून हे लिहितोय. सकाळी झकास चालते, दहा-बारा किलोमीटर झाले की आचके देते आणि बंद पडते, असं मालक सांगत होता. माझ्याकडच्या मेकॅनिकने उभ्या गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि म्हणाला, "गाडी ओके आहे." मी त्याच्यावर एवढा ओरडलो की शेवटी मालकच बिचारा मध्ये पडला. थंड इंजिनाला काय विचारता, ते सगळं ठीकच आहे म्हणणार, हे धरणगावच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत! गाडी आली की चहासुद्धा न घेता तुम्ही ती पाळधीच्या रस्त्याला काढायचा, चांगली तापवून आणायचा आणि बॉनेट उघडून एकेका भागावर हात ठेवत जायचा. नाना गाडीची नाडी बघतात, म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो.

त्या वैशाखात मी पंचवीस वर्षांचा होतो, तुमच्या हाताखाली शिकत होतो आणि स्वतःला तुमच्याहून हुशार समजत होतो. कापसाच्या व्यापाऱ्याची पेट्रोल जीप आली, तक्रार हीच. आपल्याकडच्या उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होते, म्हणून जीपवाले पंपाला ओलं फडकं बांधून फिरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी फडकं बांधलं, त्यावर पाणी मारलं, दहा मिनिटांनी जीप सुरू झाली. झालं, रोग सापडला! त्या दहा मिनिटांत जीप नुसती उभी राहूनही निवली असती आणि फडक्याशिवायही सुरू झाली असती, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला पारोळ्याला लग्नाला जायचं होतं, दोनची एसटी होती. तुम्ही ट्रॅक्टरखाली आडवे होतात. तिथूनच विचारलंत, "गरम करीसन देखी का रे?"

मी म्हणालो, "हो नाना." पाळधी तर सोडाच, मी ती जीप बाजारापर्यंतही नेली नव्हती. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. माझ्या शब्दावर तुम्ही कधीच पुन्हा विचारत नव्हतात.

चौथ्या दिवशी घरी अक्कांच्या हातचं जेवून तुम्ही शेडमध्ये आलात आणि छातीला हात लावून टायरवर बसलात. गावातले डॉक्टर म्हणाले, ताबडतोब जळगावला न्या. समोर कोणती गाडी उभी असावी? तीच जीप, व्यापारी नेमका ती घेऊन जायला आला होता. तो स्वतः चालवायला बसला, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. मी सबंध रस्ताभर फक्त इंजिन ऐकतोय. पाळधीच्या अलीकडे ते अडखळतं, एकदा, दोनदा, आणि बंद पडतं. मी उडी मारून बाहेर लटकवलेली पाण्याची छागळ काढतो आणि अर्धी पंपावर ओततो. काही नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. पुन्हा थांबतो, पुन्हा फिरवतो. सावलीला झाड नाही, दुसरी गाडी नाही. मागून तुमचा आवाज येतो, अगदी हळू. "पंप नही रे. कॉइलले हात लाव."

मी हात लावला आणि तळवा भाजला. तापली की ठिणगी देईनाशी होणारी कॉइल, तुमचा हात असता तर पहिल्याच दिवशी सापडली असती. मी वळून पाहिलं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत होतात. रागावला असतात तर फार बरं झालं असतं. ओठ कोरडे पडले होते. तुम्ही "पाणी" म्हणालात. मी छागळ घेऊन धावलो, तर तुम्ही तोंड फिरवलंत. "माले ऱ्हाऊ दे. तिले पाज."

उरलेलं सगळं पाणी मी फडक्यावर ओतून कॉइलला गुंडाळलं. जीप सुरू झाली. जळगावला पोचलो तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फक्त उशीर झाला म्हटलं. रस्त्यात आपण अर्धा तास उभे होतो. त्या अर्ध्या तासात तुम्ही वाचला असतात की नाही, हे मला कुणी सांगू शकलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

आता मी प्रत्येक गाडी तापवूनच बघतो. मागची सीट रिकामी असते, तरी आरशात बघायला मला भीती वाटते. आजचीही बारा किलोमीटरवर बंद पडली. दोष सापडला, गाडी गेली, पण तुमचा आवाज काही गेला नाही.

हे पत्र त्या जुन्या कॉइलच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? फक्त एक राहिलं. तुम्हाला घरी आणलं तेव्हा अक्कांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "शेवटलं पाणी तोंडात पडनं ना रे?" तेव्हाही मी हो म्हणालो. पुढे जगल्या तेवढी वर्षं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, यानेच पाजलं म्हणून.